डॉक्टर व्हायचं कारण किती वर्षं पुरतं?

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या अर्जात जन्मतारीख, प्रवर्ग, फोटोचा आकार, बोटांचे ठसे सगळं मागतात. डॉक्टर का व्हायचंय, हे मात्र कुठेच विचारत नाहीत. १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास, आणि त्यातून निघालेला क्रमांक. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयासारखी मोजकी ठिकाणं नीटनंतर मुलाखत घेतात, पण गोमेकॉला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजला जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला प्रवेशाच्या वाटेवर हा प्रश्न कोणी अधिकृतपणे विचारत नाही. म्हणून तो घरात विचारावा लागतो, आणि तो बारावीच्या निकालानंतर नाही, अकरावीच्या सुरुवातीलाच.

घरात विचारला जातो तेव्हाही बहुतेक वेळा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे नातेवाईक गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली जमलेले असताना. त्या गर्दीत मूल जे उत्तर देतं ते पाहुण्यांसाठी असतं. "लोकांची सेवा करायची आहे" म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि विषय संपतो. उत्तर खोटं असतं असं नाही, ते तपासलेलं नसतं एवढंच.

कारण चांगलं की वाईट, उदात्त की स्वार्थी, या वादात मी पडणार नाही. पैशासाठी आलेले उत्तम डॉक्टर झालेले दिसतात आणि सेवेसाठी आलेले दुसऱ्या वर्षी खचलेले दिसतात. माझ्या मते विचारायचं ते हे, की हे कारण कुठपर्यंत पुरेल? प्रत्येक कारण प्रवासात कुठेतरी पातळ होतं. ते कुठे होणार हे आधी कळलं, तर तिथवर पोचेपर्यंत दुसरं कारण जोडून ठेवता येतं.

आधी वर्षं मोजू. बारावी अठराव्या वर्षी. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक, म्हणजे साडेतेवीस. पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट पीजी परीक्षेच्या तयारीत अनेकांचं एक वर्ष जातं. एमडी किंवा एमएसची तीन वर्षं धरली की सत्तावीस-अठ्ठावीस. हृदय, मूत्रपिंड, मेंदूची शस्त्रक्रिया असं काही करायचं तर आणखी तीन. हा हिशेब कागदावर, वयासकट, मुलाने स्वतःच्या हाताने लिहावा. पालकांनी लिहून दिलेला उपयोगाचा नाही.

सगळ्यात जास्त मुलं प्रत्यक्षात ज्या कारणाने येतात ते म्हणजे दहावीला नव्वदच्या वर गुण पडले, जीवशास्त्र बरं जमलं, म्हणून डॉक्टर. हे कारण सगळ्यात लवकर संपतं, पहिल्याच वर्षी. त्याचं कारण परीक्षेच्या घडणीत आहे. नीटमध्ये चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखायचं असतं, एका प्रश्नाला एक मिनिट. ओळखणं आणि आठवणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राच्या तोंडी परीक्षेत समोर पर्याय नसतात. काखेतून हाताकडे जाणारं मज्जातंतूंचं जाळं, ज्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात, कोऱ्या कागदावर काढायला सांगतात: पाच मुळं, तीन खोडं, सहा फाटे, तीन दोर, शेवटच्या पाच मुख्य शाखा. मग विचारतात, दंडाचं हाड मधोमध मोडलं तर यातली कुठली शाखा दुखावेल आणि हात कसा दिसेल? रेडियल नर्व्ह, मनगट लोंबकळतं. ज्याने आयुष्यभर ओळखण्याचा सराव केला, त्याला इथे पहिल्यांदा काही येईनासं होतं.

त्यात वर्गातले सगळेच आपापल्या शाळेतले पहिले. डिचोलीचा पहिला, काणकोणचा पहिला, म्हापशाची पहिली. त्यांच्यातला कोणीतरी इथे शंभरावा येणारच. आजवर गुण हीच ओळख असलेल्या मुलाला हा धक्का अभ्यासापेक्षा जड जातो. नियम असे आहेत: उत्तीर्ण व्हायला निम्मे गुण, हजेरी व्याख्यानांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८०, आणि पहिलं वर्ष पार करायला जास्तीत जास्त चार संधी. म्हणजे नापास होणं हा व्यवस्थेने गृहीत धरलेला प्रकार आहे. हे घरी आधीच बोलून ठेवलं की पहिल्या अपयशाला मूल फोन बंद करून बसत नाही.

विच्छेदनगृहाची भीती मात्र विनाकारण मोठी केली जाते. फॉर्मेलिनने डोळे चुरचुरतात, पहिले दोन-तीन दिवस जेवण जात नाही, पंधरवड्यात बहुतेक मुलं सरावतात. रक्त बघून चक्कर येते म्हणून वैद्यकीय नको, असं तर कोणीच ठरवू नये. ती चक्कर म्हणजे मज्जासंस्थेची एक प्रतिक्रिया: नाडी मंदावते, पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, मेंदूकडे रक्त कमी जातं. उपाशीपोटी, उभं राहून, कोंदट खोलीत ती जास्त येते. नाश्ता करून जावं, पाणी प्यावं, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली की मांड्या आणि पोटऱ्या घट्ट आवळून दहा-पंधरा सेकंद धराव्यात, तरी नाही जमलं तर सरळ जमिनीवर बसावं. शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात स्वतःचं बोट टोचून हिमोग्लोबिन मोजायचं असतं. चार-पाचदा टोचलं की हात थरथरायचा थांबतो.

आता सेवा. हे कारण मला मनापासून मोलाचं वाटतं, म्हणूनच ते कुठे मोडतं ते नीट सांगायला हवं. सेवेचं चित्र मनात असतं ते असं: रुग्ण बरा होतो, हात जोडतो, घरचे आभार मानतात. प्रत्यक्षात दारूने यकृत खराब झालेला माणूस पोटातलं पाणी काढून घेऊन घरी जातो आणि तीन आठवड्यांनी त्याच अवस्थेत परत येतो. साखरेच्या गोळ्या बंद केलेली आजी पायाची जखम घेऊन येते. तिला गेल्या खेपेला सगळं समजावलेलं असतं. आभार मानणारे असतात, पण कामाच्या तासांच्या मानाने फार थोडे. फिलाडेल्फियाच्या जेफर्सन मेडिकल कॉलेजमध्ये होजात आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की विद्यार्थ्यांमधली सहानुभूती लक्षणीय घसरते ती तिसऱ्या वर्षी, म्हणजे तिथे रुग्णांशी रोजचा संबंध सुरू होतो नेमका तेव्हा. त्यांचं तिसरं वर्ष आणि आपलं तिसरं वर्ष एक नव्हे, पण वळण ओळखीचं आहे. भावना म्हणून आणलेली सेवा वॉर्डात आली की दमते.

टिकते ती हाताच्या कामाची आवड. इंटर्नचा दिवस कसा असतो? रक्ताचे नमुने काढणं, नळीवर नाव आणि नंबर घालणं, सलाईन लावणं, लघवीची नळी घालणं, ड्रेसिंग, रिपोर्ट आणणं, डिस्चार्ज कार्ड लिहिणं. चवथीच्या दिवशीही कॅज्युअल्टी चालू असते आणि तिथे कोणीतरी ड्युटीवर असतंच. यात एकही गोष्ट सिनेमातल्यासारखी नाही, पण नळीवर चुकीचं नाव पडलं तर चुकीच्या माणसाला चुकीच्या गटाचं रक्त चढू शकतं. अशी बारीक, कंटाळवाणी, पण जबाबदारीची कामं रोज नीट करण्यात ज्याला समाधान मिळतं, त्याची सेवा पुरते.

याची परीक्षा घरीच घेता येते. घरात किंवा शेजारी अंथरुणाला खिळलेलं कोणी असेल तर पंधरा दिवस त्यांची एक जबाबदारी पूर्ण घ्यावी. दर दोन तासांनी कूस बदलणं, कारण एकाच जागी दाब राहिला की माकडहाडावर आणि टाचांवर कातडी काळवंडून जखम होते. माणूस अंथरुणात असतानाच चादर बदलणं. बेडपॅन देणं आणि धुणं. भरवताना मान किंचित पुढे झुकवणं, म्हणजे घास श्वासनलिकेत जात नाही. पंधरा दिवसांनी मुलाला विचारावं: किळस आली का? हा प्रश्न महत्त्वाचा नाही, ती सगळ्यांना येते. महत्त्वाचा प्रश्न पुढचा: आठव्या दिवशी काम पहिल्या दिवसापेक्षा चांगलं जमलं का, आणि ते चांगलं जमल्याचं बरं वाटलं का?

गोव्यात सेवा म्हणताना रुग्ण कोण, हेही माहीत हवं. बांबोळीला, म्हणजे गोमेकॉत, फक्त आसपासच्या तिसवाडी तालुक्यातले लोक येत नाहीत. सिंधुदुर्गातून, दोडामार्ग-सावंतवाडीकडून, कारवारकडूनही येतात. एका सकाळच्या ओपीडीत कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी सगळं कानावर पडतं. पावसात शेतात अनवाणी उतरलेल्याला ताप आणि पोटऱ्यांत दुखणं असेल तर लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूच्या आजाराची शंका घ्यायची. सत्तरी तालुक्यात उन्हाळ्याच्या तोंडावर काजूच्या बागेत गेलेल्याला ताप आला तर माकडतापाची. २०१५ मध्ये पाली गावात त्याचे रुग्ण सापडले होते आणि तो गोचिडीमार्फत पसरतो. हे ज्ञान पुस्तकात एका ओळीचं असतं. ते रुग्णाच्या तोंडून काढायचं तर "काम काय करता, कुठे गेला होता" हे विचारत बसण्याची आवड लागते.

आणि शब्दांची. मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत बघा. ठणका म्हणजे नाडीबरोबर उसळणारं, पू धरलेल्या जागेचं दुखणं. मुरडा म्हणजे आतड्याचा पीळ, येतो आणि जातो. चमक स्नायूत किंवा शिरेत भरते. जळजळ छातीच्या मधोमध आणि जेवणाशी बांधलेली. रुग्ण ज्या शब्दात सांगतो त्यातच अर्धं निदान असतं. असे शब्द ऐकून ज्या मुलाचे कान टवकारतात, त्याने वैद्यकीयचा विचार जरूर करावा.

यालाच मी कुतूहल म्हणते. घरी सगळ्यात कमी सांगितलं जाणारं हे कारण सगळ्यात लांब पुरतं. ताप चढताना अंग तापलेलं असूनही थंडी का वाजते? कारण मेंदूतल्या हायपोथॅलॅमसने तापमानाची खूण वर सरकवलेली असते. शरीराला आपण "कमी गरम" आहोत असं वाटतं आणि ते थरथरून उष्णता तयार करतं. खूण खाली आली की घाम फुटतो. हे वाचून एखाद्याला लगेच पुढचा प्रश्न सुचतो: मग पॅरासिटामॉल नेमकं काय करतं? दुसरा विचारतो: हे परीक्षेला आहे का? दुसरा कमी हुशार नाही. पण पुढची दहा वर्षं रोज काहीतरी नवं वाचण्याचं इंधन पहिल्याकडे जास्त आहे. एक सावधगिरी: जीवशास्त्राची ओढ आहे पण माणसांशी बोलायचा थकवा येतो, असं असेल तर औषधनिर्माण, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान हे रस्ते जास्त सुखाचे.

घरातल्या आजारपणातून आलेलं कारण वेगळं हाताळावं लागतं. आजोबांना कर्करोगाने नेलं, म्हणून कर्करोगाचा डॉक्टर व्हायचं. ओढ खरी असते, पण अरुंद. त्या एका विषयापर्यंत पोचायला आधी डोळे, कान-नाक-घसा, बाळंतपण, न्यायवैद्यक, सगळं शिकावं लागतं आणि तोवर आठ-नऊ वर्षं जातात. शिवाय वॉर्डात तोच आजार, तोच वास, तशाच चेहऱ्याचा माणूस समोर आला की जुनं दुःख उघडं पडतं. नुकतंच कोणी गेलं असेल तर निर्णयाला घाई करू नये. वर्षभराने तेच वाटतं का ते बघावं.

प्रतिष्ठेच्या कारणाला गोव्यात खोल मुळं आहेत, त्यामुळे ते नुसतं झटकून चालणार नाही. पणजीला १८४२ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली. आजच्या गोमेकॉची परंपरा तिच्यापासून सांगतात. पोर्तुगीज काळात गोमंतकीय मुलाला पुढे जायला जे थोडे मार्ग होते त्यात हा मोठा होता. इथले पदवीधर आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत आरोग्यसेवेत गेले. मुंबईत शिकलेलेही होते: मांद्रेचे भाऊ दाजी लाड ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ च्या पहिल्या तुकडीतले, हडफड्याचे आकासिओ व्हिएगश यांनी १८९६ मध्ये मुंबईतला प्लेग ओळखला. गावात "दोतोर" या शब्दाला जे वजन आहे ते असं पिढ्यांनी साठलेलं आहे. मुलाला त्याचा भाग व्हावंसं वाटलं तर त्यात गैर काही नाही.

हे कारण पातळ होतं ते चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी. बरोबरचा मित्र इंजिनिअर होऊन पुण्या-बंगळुरात पगार घेतो, गाडी घेतो. आपण पीजीच्या प्रवेशपरीक्षेसाठी खोलीत बसलेले. मान मिळायला अजून चार वर्षं. दवाखाना वारशाने मिळणार असेल तर अडचण आणखी एका ठिकाणी येते: वडिलांचं प्रसूतिगृह आणि मुलीला आवडलं मनोविकारशास्त्र. पीजीची शाखा निवडताना घरोघरी हे भांडण होतं. ते एमबीबीएसच्या आधी, शांतपणे, एकदा बोलून घ्यावं. "बाबा, मी डॉक्टर झाले पण आपला दवाखाना चालवला नाही तर चालेल का?" याचं उत्तर "नाही" असेल तर ते आजच कळलेलं बरं.

पैशाबद्दल थोडक्यात. गोव्यात एमबीबीएसचं कॉलेज एकच, आणि त्यातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. सरकारी जागा मिळाली तर हिशेब सोपा असतो. अभिमत विद्यापीठांत काही ठिकाणी वर्षाची फी २० लाखांच्या वर आहे. तिथे पैसा हेच मुख्य कारण असेल तर कर्जाचं व्याज धरून गणित मांडून बघा, ते बऱ्याचदा बसत नाही. परदेशाचा विचार असेल तर नियम वाचा: किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातला अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, भारतात आल्यावर ३०० पैकी १५० गुण लागणारी परीक्षा आणि पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप. एजंट यातली पहिली ओळच सांगतो.

आता एक कागदी कसोटी, जी मला सगळ्यात उपयोगी वाटते. मुलाने एकट्याने, मोबाईल बाजूला ठेवून, आपलं कारण आठ-दहा वाक्यांत लिहावं. मग प्रत्येक वाक्य वाचून विचारावं: हे परिचारिकेला लागू पडतं का? फिजिओथेरपिस्टला? औषधविक्रेत्याला? पडत असेल तर ते वाक्य खोडावं. "लोकांना बरं करायचं आहे" खोडलं जातं. "मान मिळतो" बहुतेक खोडलं जातं. जे उरेल ते साधारण असं असतं: काय झालंय ते मला शोधून काढायचं आहे, किंवा, अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यायची आणि त्याची जबाबदारी उचलायची माझी तयारी आहे. डॉक्टरचं वेगळेपण तेवढंच आहे.

काहीच उरलं नाही तर रडायचं कारण नाही. बांबोळीला नर्सिंग आणि दंतवैद्यक आहे, पणजीला फार्मसी, शिरोड्याला आयुर्वेद आणि होमिओपॅथी, धारगळला २०२२ पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं केंद्र. रुग्णाच्या उशाशी सगळ्यात जास्त वेळ परिचारिका असते. ज्याचं कारण माणसाजवळ राहण्याचं आहे, त्याला तिथे ते रोज मिळतं. मात्र हे रस्ते "एमबीबीएस हुकलं म्हणून" घेतले की सगळी वर्षं मन दुसरीकडे राहतं.

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक सकाळ बसता आलं तर फार उत्तम. आरोग्य अधिकाऱ्यांना शाळेच्या पत्रासह विनंती करावी, नकार आला तर वाईट वाटून घेऊ नये. परवानगी मिळाली तर फोटो काढायचा नाही, कोणाचं नाव घरी सांगायचं नाही. बघायचं ते एवढंच: एका रुग्णाला किती मिनिटं मिळतात, डॉक्टर तीच गोष्ट कितव्यांदा सांगतात, आणि शेवटच्या रुग्णाशी बोलताना त्यांचा आवाज पहिल्या रुग्णासारखाच आहे का. एखादा इंटर्न ओळखीचा असेल तर "कसं वाटतं?" विचारू नये, त्याला उत्तर येत नाही. "काल तू काय काय केलंस, तासागणिक सांग," असं विचारावं.

शेवटी ड्रॉप घेण्याचा, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा नीट देण्याचा प्रश्न, कारण जूनमध्ये निकाल लागला की घरोघरी हाच असतो. क्लासच्या फीचा पहिला हप्ता भरण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, आपली उत्तरं आणि अधिकृत उत्तरसूची शेजारी ठेवून प्रत्येक चूक तीन रांगांत लिहावी: येतच नव्हतं, येत होतं पण घाईत चुकलं, अंदाज मारला. समजा १७० प्रश्न सोडवले, १२० बरोबर, ५० चूक: बरोबरला चार गुण, चुकीला एक वजा, म्हणजे ४८० वजा ५०, हाती ४३०. त्या पन्नासातले ३० निव्वळ अंदाज असतील तर ते कोरे सोडून ४६० झाले असते. एवढ्या दुरुस्तीला वर्ष लागत नाही, सराव लागतो. पहिली रांग लांब असेल तर मात्र वर्ष खरंच लागेल आणि ते पायापासून लागेल. दुसरी गोष्ट, आठ-दहा वाक्यांचा तो कागद मुलाने पुन्हा, जुना न बघता लिहावा. लिहिताना आई-बाबांनी त्या खोलीत बसू नये.